वाजते, पण बसत नाई

नवा स्पीकर असो, नवं गाणं असो की नवा माणूस, भाऊंची तपासायची रीत एकच होती. स्पीकर असला तर त्याच्या डब्यावर उजव्या हाताचा तळवा ठेवायचा, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि मान खाली घालून थांबायचं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसायचो. मग तळवा उचलून ते पँटला पुसायचे आणि म्हणायचे, "वाजते, पण बसत नाई."

आम्हा गाणाऱ्यांच्या बोलीत आवाज बसला म्हणजे गळा गेला आणि त्याच्याबरोबर कार्यक्रमही गेला. भाऊंच्या बोलीत याच्या अगदी उलट. त्यांच्या लेखी आवाज बसला म्हणजे तो जमिनीला टेकला, आता त्याच्यावर कोणीही निवांत उभं राहावं. हेच माप ते सगळीकडे लावायचे. माझ्या धाकट्या बहिणीला एक स्थळ आलं होतं. मुलगा कचेरीत नोकरीला होता, आई-वडील समजूतदार होते. भाऊ त्याच्याशी चहापुरतं बोलले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "पोरगा चांगला हाये बाई, पण बसत नाई." लग्न झालं. संसार चांगला चालला. भाऊंचं प्रत्येक निदान खरं ठरायचं असं काही नव्हतं.

ऐंशीनंतरची ती वर्षं. चंद्रपुरात आमचा एक ऑर्केस्ट्रा होता. मी दिवसा बाबूपेठेतल्या प्राथमिक शाळेत दुसरीचा वर्ग घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी गायची. आमच्या घरी गाणं भीमजयंतीच्या निमित्तानं आलं. वडील वस्तीतल्या गायन पार्टीत ढोलक वाजवायचे, मी त्यांच्या शेजारी बसून कोरसमध्ये गायची. तिथून ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मला बोलावलं. मालकांचं सायकलींचं दुकान होतं. त्यांना गाण्यातलं फार कळत नव्हतं, पण माणसं जमवायला आवडायची. जयंतीला भीमगीतं, गणपतीत भक्तिगीतं, लग्नात सिनेमाची गाणी. जिथून बोलावणं येईल तिथं आमची जीप जायची.

भाऊ आमचे बेस गिटारवाले. कोळशाच्या खाणीत पाणी उपसायच्या पंपावर त्यांची नोकरी होती. वसाहतीतल्या एका केरळी इलेक्ट्रिशियननं त्यांना गिटार शिकवलं, आणि बदली होऊन जाताना आपलं वाद्य त्यांच्याच हवाली केलं. तुम्ही कधी ऑर्केस्ट्रा ऐकायला गेला असाल, तरी बेस गिटारवाल्याकडे पाहिलं नसेल. लोक गाणाऱ्या बाईकडे पाहतात, ढोलकीवाल्याच्या बोटांकडे पाहतात. मागे उभा राहून चार जाड तारांवर खालचे सूर धरणारा माणूस कोणाला दिसत नाही. तो थांबला की मात्र गाणं एकाएकी पोकळ होतं, आणि काय बिघडलं ते कोणाला सांगता येत नाही. भाऊंना हे मागे उभं राहणं मानवायचं. टाळ्या पडायला लागल्या की ते वाकून वायर तपासायचे.

त्यांचं गिटार ज्यातून वाजायचं तो ॲम्प्लिफायर आमच्या ऑर्केस्ट्रातला सगळ्यात वयस्कर सभासद होता. नागपूरला रेल्वेवाल्यांचा एक क्लब मोडला तेव्हा मालकांनी तो आणला. विलायती माल, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. भाऊ त्याला 'बुढा' म्हणायचे. बटण दाबलं की बुढा लगेच बोलायचा नाही. व्हॉल्व्हमध्ये हळूहळू नारिंगी उजेड यायचा, मग तो घसा खाकरल्यासारखा घरघरायचा, आणि त्यानंतर कामाला लागायचा. जीपमध्ये त्याच्यासाठी गादी होती. माझ्या मांडीवर हार्मोनियम, पायाशी तबला, पाठीला कोणाची तरी पत्र्याची पेटी, आणि बुढा मात्र गादीवर.

"भाऊ, जरा बुढ्याले सरकवा न. मले बी माणसासारखं बसू द्या," मी एकदा म्हटलं.

"तुमाले दुखलं तर तुमी सांगान, बाई," ते म्हणाले. "त्याले सांगता येत नाई."

यात दुसरा माणूस येतो तो राजन्ना. मूळचा सिरोंचाकडचा, घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि हिंदीची खिचडी. गोल बाजाराच्या मागे त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या काळात त्यानं स्वतः ॲम्प्लिफायर बांधायला सुरुवात केली होती. सुटे भाग नागपूरहून आणि दिल्लीहून यायचे, ट्रान्सफॉर्मरची तार तो स्वतः गुंडाळायचा, लाकडी डबा शेजारचा सुतार करून द्यायचा. गावोगावच्या मंडळांत त्याचे डबे वाजत होते. भाषणाला चांगले, भजनाला चांगले. मालकांनी त्याला खास बेस गिटारसाठी एक बांधायला सांगितला. कारण साधं होतं. बुढ्याचा एखादा व्हॉल्व्ह गेला की नागपूरला माणूस पाठवायचा, तिथं नाही मिळाला तर मुंबईला चिठ्ठी धाडायची, आणि तोवर कार्यक्रम देवाच्या भरवशावर.

राजन्ना डबा घेऊन तालमीला आला. नवीन कपडे घालून आला होता. भाऊंनी गिटार जोडलं, खालची तार छेडली, तळवा ठेवला आणि सगळ्यांसमोर आपलं वाक्य म्हटलं.

"क्या बसत नाई?" राजन्ना म्हणाला. "खुर्ची आहे का ते?"

"आवाज वर वर फिरून राह्यला, राजन्ना. खाली येतच नाई."

"बाहरचा माल असता तर आला असता खाली. माह्या हातचा आहे म्हणून नाई आला."

"हाताचं नाव मी कुठी घेतलं?"

"घेतलं नाई, पण आहे ते मनात."

राजन्ना डबा तिथंच ठेवून गेला आणि त्यानंतर बरेच दिवस दोघांचं बोलणं बंद होतं. तालमीच्या खोलीत मात्र वाद पेटला. आमचा ढोलकीवाला राजन्नाच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, इथल्या माणसानं इथल्या लाकडात केलेली वस्तू आहे, बिघडली तर इथंच दुरुस्त होते, आणखी काय पाहिजे. मालकही त्याच बाजूचे. जुन्या मालाची मजबुती वेगळी असते, असं भाऊ म्हणायचे. त्यावर ढोलकीवाला विचारायचा, मग मजबूत माल गादीवर काऊन झोपते? भाऊ हसायचे आणि चहा प्यायचे.

मला सुरुवातीला फरक कळत नव्हता, हे सांगायला हरकत नाही. तो कळला एका संथ गाण्यात. बुढा मागे असला की शेवटचा सूर मला लांबवता यायचा, कुठंतरी टेकायला जागा आहे असं वाटायचं. राजन्नाच्या डब्यावर तोच सूर धरताना दम लवकर सुटायचा. डबा खालच्या सुरांना थरथरायचा आणि त्याच्या फळ्याही गाण्यात भाग घ्यायच्या. पण मी वादात पडले नाही. दिवसभर साठ पोरांना बाराखडी म्हणायला लावल्यावर वाद घालायचं त्राण कोणाच्या अंगात असतं?

एका हिवाळ्यात आलापल्लीच्या पुढच्या एका आश्रमशाळेत आमचा कार्यक्रम ठरला. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. गावात वीज नव्हती, जनरेटर होता, आणि दिवस मावळायच्या आत आटपायचं होतं. मालकांनी सावधगिरी म्हणून राजन्नाचा डबाही घेतला. तो जीपच्या टपावर दोरीनं बांधला. बुढा आत, गादीवर.

रस्ता कसा होता ते त्या बाजूला गेलेल्यांना सांगायला नको. दोन्हीकडे सागाचं जंगल आणि मध्ये लाल धूळ. एका नाल्यात पाणी थोडंच होतं, पण दगड मोठे. जीप एका दगडावरून उतरली तेव्हा आमची सगळ्यांची डोकी टपाला लागली. बुढ्याच्या आतून काच फुटल्याचा बारीक आवाज आला. भाऊंनी ड्रायव्हरला थांबवलं. मागची फळी काढून त्यांनी हात आत घातला आणि तो बराच वेळ बाहेर काढला नाही.

"गेला का?" मालकांनी विचारलं.

"दोन व्हॉल्व्ह फुटले. ट्रान्सफॉर्मर बी जागेवरून सुटला," भाऊ म्हणाले. त्यांनी काचेचे तुकडे रुमालात गोळा केले, कोणाच्या पायात जाऊ नये म्हणून, आणि पुढचा सगळा रस्ता ते खिडकीतून बाहेर पाहत बसले.

टपावरचा डबा उतरवला तर त्याच्यावर बोटभर धूळ होती. ढोलकीवाल्यानं फडक्यानं झटकली. जनरेटरची वीज कमी-जास्त होत होती, तपासायला लावलेला बल्ब मध्येच लाल व्हायचा. भाऊंनी वायर जोडली. डबा एकदा खोकला आणि वाजायला लागला. दोन तास वाजला. मैदानात माडिया आदिवासी पोरं-पोरी ओळीनं बसली होती. त्यांना आमच्या गाण्यांतला शब्द कळत नसावा, पण खालचा सूर आला की पुढच्या ओळीतल्या मुली पोटावर हात ठेवून एकमेकींकडे पाहायच्या आणि हसायच्या. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बाया पिठाचे हात तसेच घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. ऊन डोळ्यांवर येत होतं, घशात धूळ होती, तरी तो कार्यक्रम चांगला झाला.

परत निघताना मालकांनी डिवचलं. "काय भाऊ, बसला की नाही?"

भाऊंनी जीपच्या चाकाकडे पाहिलं. "रस्त्याले बसला," ते म्हणाले. "कानाले नाई."

पुढच्या रविवारी ते राजन्नाच्या दुकानात गेले. मीही योगायोगानं तिथंच होते, आमचा घरचा रेडिओ घेऊन. राजन्नानं मान वर केली नाही. भाऊ बाकावर बसले.

"तुमचा डबा नसता तर त्या लेकरांसमोरून आमी तोंड घेऊन परत आलो असतो," भाऊ म्हणाले.

"मग आता काय पाह्यजे?"

"काई नाई. तो अजून बसत नाई, एवढंच सांगाले आलो."

राजन्नानं सोल्डरची कांडी खाली ठेवली. मला वाटलं, आता हा यांना बाहेर काढतो. तो म्हणाला, "हे सांगाले एवढ्या दूर आले?"

"हो. बसवून पाहू म्हणलं. दोघं मिळून."

"बुढा?"

"त्याले बी दुरुस्त करा. त्याच्याशिवाय समजन कसं, कुठवर आलो ते?"

नागपूर-मुंबई करून व्हॉल्व्ह आले, राजन्नानं बुढ्याला पायावर उभं केलं. आणि मग दोघांचे रविवार सुरू झाले. भाऊ खाणीतल्या पहिल्या पाळीहून परस्पर यायचे, डोळ्यांच्या कडांना कोळशाची रेघ तशीच. दुकानाचं एक कवाड लावून घ्यायचे. आधी डबा बदलला. पातळ प्लायवूडच्या जागी सुताराकडून सागाच्या जाड फळ्या आणल्या. सागवानाला काय कमी आमच्याकडे? डबा इतका जड झाला की उचलायला तिघं लागायचे. मग ट्रान्सफॉर्मर बदलला, मग स्पीकर. मग डब्याच्या आत घुमणारा आवाज मारायला काहीतरी मऊ भरायचं ठरलं. काथ्या भरून पाहिला, भुसा भरून पाहिला.

एक दिवस भाऊंची बायको शाळेत माझ्याकडे आली. मधली सुट्टी होती. लहान पोरगी तिच्या कडेवर होती.

"बाई, तुमी तरी सांगा न त्याहिले," ती म्हणाली. "माही गोधडी राजन्नाच्या डब्यात गेली."

"गोधडी?"

"माह्या मायनं शिवलेली. म्हणते, जुना कापूस पाह्यजे, नव्याचा उपयोग नाई. थंडीचे दिवस हाये जी. मी म्हणलं, लेकरू काय पांघरन? तर म्हणे, माह्याजवळ झोपू दे."

मला हसू आवरेना, आणि मग तीही हसली. पण जाता जाता म्हणाली, "खाणीतून आला की दुकान, दुकानातून आला की तालीम. मानूस घरी येते, पन थकवाच येते घरी." ती बोलली ते तक्रार म्हणून नाही. हवापाणी सांगावं तसं सांगितलं.

डब्यात बदल केला की परीक्षा व्हायची. बुढा आणि डबा शेजारी शेजारी ठेवून मध्ये पलंगपोस टांगायचा. भाऊ पाठ करून उभे राहायचे आणि खालची तार छेडायचे. पडद्यामागे वायर कधी इकडे, कधी तिकडे जोडायची. हे काम पुष्कळदा माझ्याकडे यायचं, राजन्ना शेजारी उभा राहून पाहायचा. भाऊ प्रत्येक वेळी ओळखायचे. "हा बुढा. हा तुमचा." राजन्ना पुन्हा स्क्रू काढायला बसायचा.

असं एक वर्ष गेलं, बहुतेक त्याहून जास्त. एका रविवारी दुपारी मालकही दुकानात आले होते. मी वायर जोडली. भाऊंनी तार छेडली, ऐकली, पुन्हा छेडली. मी वायर बदलली. त्यांनी डोळे मिटले होते.

"पह्यला बुढा," ते म्हणाले.

मी राजन्नाकडे पाहिलं. त्यानं पुढं होऊन पलंगपोस ओढला. वायर कोणत्या डब्यात पहिली होती हे मला आणि त्यालाच ठाऊक होतं. पहिला राजन्नाचा होता.

भाऊ वळले. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना कळलं. ते दोन्ही डब्यांजवळ उकिडवे बसले आणि एकेक तळवा एकेकावर ठेवला. मग म्हणाले, "राजन्ना, आता बसला."

राजन्ना नाक शिंकरायला बाहेर गेला. परत आला तो चहावाल्याला घेऊनच. दुकानातल्या गिऱ्हाइकांना, शेजारच्या सुताराला, सगळ्यांना त्यानं चहा पाजला. भाऊंनी बशीत ओतलेला चहा निवत राहिला. हरल्यासारखे ते दिसत नव्हते. एखादं मोठं ओझं उतरवून ठेवल्यावर माणूस जसा थोडा वेळ रिकाम्या हातांकडे पाहतो, तसे बसले होते.

मालकांनी ती गोष्ट लक्षात ठेवली. दिवस बदलत होते. गावागावात व्हिडिओ आला होता. एक टीव्ही, एक मशीन आणि एक माणूस. एवढ्यात गाव जागं राहायचं. सावलीकडची, पोंभुर्ण्याकडची जी गावं दरवर्षी आम्हाला बोलवायची, ती आता बोलवेनाशी झाली. बोलावलं तर विचारायची, तुमच्याकडे कीबोर्ड आहे का. मालकांनी नागपूरला जाऊन बोलणी केली. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांचा शौक असलेला एक माणूस तिथं भेटला. बुढा त्याच्याकडे गेला आणि त्याच्या बदल्यात कीबोर्ड आला.

मालकांनी आधी भाऊंना विचारलं होतं. "आता राजन्नाचा डबा त्याच्या बरोबरीचा आहे असं तुम्हीच म्हणता. मग बुढा ठेवायचा कशाला?"

"बरोबर हाये," भाऊ म्हणाले होते. "त्याले आता अराम भेटू द्या."

कीबोर्डबरोबर तो वाजवणारा माणूसही आला. नागपूरकडचा, सभ्य, हळू बोलणारा. आल्या आल्या सगळ्यांच्या पाया पडला. पहिल्या तालमीला मालकांनी कीबोर्ड राजन्नाच्या डब्याला जोडायला सांगितला, कारण खोलीत तेवढा दमदार डबा दुसरा नव्हता. त्या माणसाचा उजवा हात सनई, व्हायोलिन, बासरी, काय म्हणाल ते वाजवत होता. आणि डावा हात खालचे सूर धरत होता. बेसचे सूर. नेमके तेच, आणि एकही न चुकता.

खोलीतले सगळे भाऊंकडे पाहायला लागले. ते भिंतीला टेकून, गिटार गळ्यात घालून उभे होते. ते पुढे आले. डब्यावर तळवा ठेवला. त्यांना खोटं बोलायला एवढी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. नेहमीचं वाक्य म्हटलं असतं तर कोणी उलटून विचारलं नसतं. मीसुद्धा मनातून तेच ऐकायला थांबले होते.

"बसते," भाऊ म्हणाले.

त्या माणसाला याचा अर्थ काय कळणार? तो "धन्यवाद" म्हणाला. भाऊंनी गिटार खोळीत घातलं, वायर कोपरापासून अंगठ्यापर्यंत नीट गुंडाळली आणि तालीम संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. मध्येच एका गाण्यात ठेका चुकला तेव्हा त्यांनी बोटानं ढोलकीवाल्याला खूण केली.

पुढच्या कार्यक्रमाला जीप त्यांच्या वसाहतीत गेली तर ते म्हणाले, "पाळी हाये." त्याच्या पुढच्या वेळीही पाळी होती. मग जीप तिकडे वळायची थांबली.

मी मालकांशी भांडले. ते दुकानात चाकाचं पंक्चर पाहत होते. "मी त्यांना नको म्हटलं नाही, बाई," ते म्हणाले. "एकदाही नाही."

"या बी म्हणलं नाई न."

मालकांनी ट्यूब पाण्यात दाबून धरली. "काय सांगून बोलावू? उभे राहा म्हणून? ते उभे राहतील का नुसते?" त्यांचा आवाज दुखावलेला होता. माणूस वाईट नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी मी वसाहतीत गेले. भाऊ दारातल्या खाटेवर बसून पोरीच्या वेण्या घालत होते. वाकड्या भांगाच्या, घट्ट. मला पाहून उठले. चहा झाला. गिटार आतल्या खोलीत खुंटीला होतं, त्याची खोळ धुऊन इस्त्री केल्यासारखी दिसत होती.

"करमते का, भाऊ?" मी विचारलं.

"करमते न. आता झोप होते, बाई. आधी कुठी होत होती?"

"राजन्ना विचारत होता. नवीन डबा बांधला म्हणे. तुमी आयकून पाहावं म्हणते."

"त्याले आता माही गरज नाई. त्याचा हात बसला." आणि वेणीचा पुढचा पेड घेत, "आमी दोघं रविवारी काय करत होतो, सांगू? मीच माह्या जागेवर दुसरं कोणी बसवाची तयारी करत होतो. पण करतानी भल्लं चांगलं वाटत होतं. ते काई खोटं नाई."

पोरीनं वेणी घट्ट झाली म्हणून कुरकुर केली. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

त्यांची बायको मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. "झोप होते म्हणते ते," ती म्हणाली, "झोपत नाई जी. नुस्ते पडून राह्यते."

त्यानंतर वर्षभरात आमचा ऑर्केस्ट्राही हळूहळू विझला. कीबोर्डवाला दुसऱ्या पार्टीत गेला, ढोलकीवाल्यानं रसवंती टाकली. शाळेनं आणि धुळीनं मिळून माझा गळा घेतला. भाऊंनी खाण सोडली आणि पोंभुर्ण्याकडे सासऱ्यांच्या गावी धानाची शेती पाहायला गेले, असं राजन्नाकडून कळलं.

त्यांची माझी शेवटची भेट पुढे पंधराएक वर्षांनी चंद्रपूरच्या बसस्थानकावर झाली. दिवाळीची गर्दी होती. मला गडचिरोलीला बहिणीकडे जायचं होतं. दोन गाड्या भरून गेल्या, मला चढता आलं नव्हतं. पाय दुखत होते, म्हणून पिशवी खाली ठेवून मी खांबाला टेकले होते. मागून आवाज आला, "बाई, कुठी जाऊन राह्यले?"

भाऊ होते. केस पांढरे झालेले, अंगात धुवट सदरा, खांद्यावर अर्धं भरलेलं पोतं. आधी पायांचं विचारलं, मग गळ्याचं. मी म्हटलं, गळा आता पाढे म्हणण्यापुरता. ते म्हणाले, "गरम पानी पेत जा." त्यांच्या पोरीचं लग्न ठरत होतं. मुलगा कसा आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "पोरीले पसंत हाये." बस, एवढंच.

तेवढ्यात गडचिरोलीची गाडी लागली. लोक धावले. भाऊंनी पोतं माझ्याजवळ टाकलं आणि गर्दीत शिरले. गाडी पुरती थांबायच्या आत त्यांनी टाचा उंचावून खिडकीतून रुमाल आत टाकला आणि जागा धरली. मी धक्के खात चढले तेव्हा एक जाडसा गृहस्थ त्या जागेवर बसायच्या बेतात होता आणि भाऊ बाहेरून गजांतून हात घालून त्याला समजावत होते, "मास्तरीन बाई हाये भाऊ, पाय दुखते त्यायचे." गृहस्थ सरकला. मी बसले. भाऊंनी खांबाजवळची माझी पिशवी आणून खिडकीतून दिली.

"तुमची गाडी?" मी विचारलं.

"लागली बी असन. नाई तर दुसरी येते न."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलल्यावर माझ्या लक्षात आलं, रुमाल माझ्या मांडीखालीच आहे. मी तो ओढून काढला आणि खिडकीबाहेर हात काढून हलवला, त्यांनी दोन पावलं पुढं येऊन घ्यावा म्हणून. हाक मारली, पण माझा आवाज त्या गोंगाटात तेवढा लांब गेला नाही. भाऊ पोतं खांद्यावर घेत होते. त्यांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं, मी निरोप देते आहे. मोकळा हात वर करून त्यांनीही हलवला, आणि गाडी वळेपर्यंत तसाच हलवत राहिले.